कानातलं बटण

पिंपरी, ६ फेब्रुवारी २०२५

संघर्ष,

जय भीम. तू सुखरूप असशील वगैरे लिहीत नाही. तू सुखात आहेस हे तुझ्याच तोंडून ऐकलंय.

तुझा तो मोबाइलवरचा निरोप मी गॅलरीत उभा राहून ऐकला. खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी होती, म्हणून आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा लावला. "आप्पा, माझं इथं दुसरं घर झालंय. मी परत येणार नाही, नोकला आणि मेत्ताला इकडं बोलावणारही नाही. तुम्हीच तिला सांगा. मला जमत नाही." आणि लगेच नंबर बंद! वा रे पठ्ठ्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला, आणि मग दाराला कडी.

म्हणून कागदावर लिहितोय. तुझ्या मेक्सिकोच्या कंपनीचा पत्ता मिळवायला मी महाळुंग्याला तुझ्या जुन्या प्लांटच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. तुझा साहेब बाहेर आला, मला चहा पाजला आणि म्हणाला, "काका, पोरगा मोठा झाला तुमचा." मी म्हटलं, झाला खरा.

आता मला सांग, नोकला, तुझ्या बायकोला, मी सांगायचं ते कुठल्या भाषेत? मला थाई येत नाही, तिला मराठी म्हणजे "जेवण", "ये", "बस", "लई तिखट" एवढंच. थाई येते तुला. तीन वर्षं थायलंडच्या प्लांटवर होतास, तिच्या आईच्या ओसरीवर बसून शिकलास. भांडायचास थाईत, समजूत काढायचास थाईत. आम्ही दोघं इकडच्या खोलीत तोंडं बघत बसायचो आणि आवाज खाली आला की समजायचो, मिटलं. या घरात दोन्ही भाषा येणारी माणसं दोनच, एक तू आणि एक मेत्ता. मेत्ता पाच वर्षांची आहे. तिच्या तोंडून सांगू का, "बाळा, आईला सांग, तुझा बाप येणार नाही"?

मी सांगणार नाही. एक तर ते काम तुझं आहे. आणि दुसरं खरं कारण ऐक, उगाच मोठेपणा कशाला. सांगितलं की नोक पोरीला घेऊन तिच्या गावी जाईल. का नाही जाणार? तुझ्यासाठी आली होती, आमच्यासाठी नाही. आणि मेत्ता गेली तर मी काय करू रे? सकाळी माझ्या पोटावर बसून चष्मा स्वतःच्या नाकावर घालते ती.

तुझ्या आईला सांगितलं, आपल्या गिरजाबाईला. तिनं लसूण सोलायला घेतला. मग म्हणाली, "म्या न्हाई सांगनार. मला कुठं येती तिची भाषा?" आणि हे बोलून स्वयंपाकघरात गेली आणि नोकशी तासभर गप्पा मारत बसली. ही मराठीत, ती थाईत. खलबत्त्यात लसूण, मिरची आणि सुकट कुटत होत्या. दोघींचं कूट एकसारखंच लागतं, फक्त नोक त्यात लिंबू पिळते.

तू नवीन नंबर कळव. तिला स्वतः फोन कर.

तुझा बाप


पिंपरी, ९ मार्च

संघर्ष,

महिना झाला. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं.

तुला माझी गोष्ट आठवते का? 'कानातलं बटण'. कंपनीच्या दिवाळी अंकात आली होती. मी तेव्हा लेथवर होतो आणि कामगारांच्या वाचनालयातल्या विज्ञानकथा गठ्ठ्यानं आणायचो. गिरजा म्हणायची, ह्यांचा एक पाय शॉपवर आणि एक मंगळावर. त्या गोष्टींत एक गंमत असायची. परग्रहावरचा माणूस यानातून उतरायचा, अंगाला खवले, डोळे तीन, आणि दुसऱ्या पानावर आपला शुद्ध मराठी बोलायला लागायचा. कुठं गोळी गिळली की भाषा यायची. कुठं डोक्याला तारा जोडायचे. कुठं नुसते डोळ्यांत डोळे घालायचे आणि मनातलं मनात पोचायचं. लेखकाला घाई, त्याला लढाई लावायची असते. भाषा शिकत कोण बसतो! त्या परग्रहावरच्याला कुणी कधी मंडईत पाठवून कोथिंबिरीचा भाव करायला लावला नाही.

मी म्हटलं, आपण जरा बरं काहीतरी करू. माझा भैरू पिंपरीचा टर्नर. तो पितळेचं एक बटण घडवतो, शर्टाच्या बटणाएवढं. कानात घातलं की समोरच्याची कुठलीही भाषा आपल्या भाषेत ऐकू येते. शेवटी दोन्ही ग्रहांवर बटणं वाटतात आणि युद्ध थांबतं, कारण गैरसमजच उरत नाही. गैरसमज गेला की भांडण गेलं, असं मला त्या वयात मनापासून वाटायचं. आमचे पर्सनलचे साहेब म्हणाले होते, "खंडू, कल्पना चांगली आहे, पण असं होणं नाही."

तू लहानपणी रोज तीच गोष्ट सांगायला लावायचास. आणि रोज एकच विचारायचास, "आप्पा, बटण काढून ठेवता येतं का?" मी म्हणायचो, येड्या, काढेल कशाला कोण?

झालं की रे ते बटण! साहेब नाहीत आता दाखवायला. मोबाइलमध्ये मराठीत बोललं की बाई थाईत बोलते. थाईत बोललं की मराठीत बोलते. वाक्य चुकत नाही, दमत नाही. मी कौतुकानं कितीदा तरी लावून बघितलं.

मग मागच्या रविवारी ठरवलं, आज सांगून टाकू. गिरजा मेत्ताला घेऊन खाली गेली, तिलाही ठाऊक होतं. मी नोकला हाक मारली, मोबाइल टेबलावर ठेवला. ती पदराला... पदर कुठला, टी-शर्टला हात पुसून समोर बसली. मी लाल टिपक्यावर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जरा पुढं सरकली. मला एकदम त्या मशीनमधल्या बाईचा आवाज आठवला. बँकेच्या फोनवर बोलते तशी गोड बाई. तुझं घर मोडलंय, हे ती हसऱ्या आवाजात सांगणार. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आज कालवणात मीठ कमी होतं."

बाईनं ते चोख थाईत सांगितलं. नोक उठली, हात जोडले, तिच्या भाषेत दोनदा माफी मागितली. रात्रीचं कालवण इतकं खारट होतं की आम्ही तिघं न बोलता खात राहिलो. मेत्ता तेवढी म्हणाली, "समुद्र!"

मग मी तळवड्याला गेलो. आपल्या शेजारच्या जयमालाबाईंची तेजस्विनी तिथं आयटीत आहे, असलीच बोलणारी मशीनं बनवतात. म्हटलं, तिच्या ऑफिसात कुणी थाई येणारं माणूस असेल, बाईमाणूस असेल तर बरंच. ती गेटवर आली, ओळखपत्र गळ्यात, हातात डबा. "काका, आम्ही मशीनला शिकवतो. आम्हाला कुणालाच थाई येत नाही." मी म्हटलं, अगं मग बरोबर शिकलंय की नाही हे कळतं कसं? ती हसली. म्हणाली, "तुमचं वाक्य सांगा ना. मी टाकून बघते, नीट येतंय का."

मला ते वाक्य तिलाही सांगता येईना. तिच्याशी तर मी मराठीतच बोलत होतो. बसनं परत आलो.

आप्पा


पिंपरी, १५ एप्रिल

संघर्ष,

काल जयंती झाली. नोकनं पांढरी साडी नेसली, गिरजानं नेसवली. मेत्ताला निळा फ्रॉक. मिरवणुकीत पोरीला खांद्यावर घेऊन मी पिंपरी चौकापर्यंत गेलो आणि आता कंबर धरून बसलोय.

तुम्ही पहिल्यांदा इथं आलात तो दिवस आठवतो? विहारात नेलं होतं तिला. बायका बाजूबाजूला कुजबुजत होत्या, फॉरेनची सून, काय बोलायचं हिच्याशी. वंदना सुरू झाली आणि तिचा आवाज आला. तेच शब्द. चाल वेगळी, "बुद्धं"चं "फुत्थां" आणि "गच्छामि"चं "खच्चामि", पण ओळीला ओळ बरोबर. सगळ्या वळून बघायला लागल्या. गिरजाबाई उठून म्हणाली, "अगं बया, ही तर आपलीच हाय!" तू मागं उभा होतास, छाती ही एवढी फुगवून.

मला त्या दिवशी वाटलं होतं, भैरूच्या बटणाची गरजच काय? अडीच हजार वर्षांपूर्वीच सोय करून ठेवलीय. आता वाटतं, कसली सोय. दोन देशांतली माणसं आम्ही एका सुरात पाली म्हणतो आणि आमच्यातल्या एकालाही त्या भाषेत "मीठ संपलं" म्हणता येत नाही.

काल मिरवणुकीतून आल्यावर तिनं स्वतः मोबाइल पुढं केला. ती बोलली, बाई मराठीत म्हणाली, "संघर्ष कधी परत येणार आहे?"

मी म्हटलं, "कंपनीत काम फार आहे. नवीन लाइन सुरू होतेय. फोनला वेळ मिळत नाही."

बाईनं सांगितलं. नोकनं तेच पुन्हा लावून ऐकलं. पुन्हा एकदा लावलं. मशीन बोलत होतं आणि ती मशीनकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उठून मेत्ताचे बूट शोधायला लागलो. बूट समोरच होते.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत केलीस माझी. माझी माती झाली तरी चालेल, पण खोटं बोलायला मला तू लावलंस. बरं, तू लावलंस असंही नाही. मेत्तानं माझ्या मांडीवर झोप काढली काल, तोंड उघडं टाकून. मी तेवढ्यासाठी बोललो.

कागदावर चार ओळी थाईत लिहून पाठव. मी वाचणारही नाही, पाकीट तिच्या हातात देईन.

आप्पा


पिंपरी, १३ मे

संघर्ष,

तुझं पाकीट आलं नाही. आता नको पाठवू.

काल बुद्धपौर्णिमा होती. पण नोकच्या देशातल्या कॅलेंडरात ती आदल्या दिवशीच, रविवारी. तिनं गिरजाला मोबाइलवरची तारीख दाखवली. गिरजा म्हणाली, "मग दोन डाव करू. खीर काय कुनाला नको असती व्हय?" त्यामुळं रविवारी सकाळी विहार बंद आणि आम्ही चौघंच घरात, शोकेसवरच्या मूर्तीपुढं.

आपल्याकडे पुढं म्हणायचं काम माझं, बाकीचे मागून म्हणतात, हे तुला माहीत आहे. मी मेणबत्ती लावून बसलो, खाकरलो, तर नोकनं हात जरासा वर करून मला थांबवलं. म्हणजे आज मी म्हणते. म्हटलं, म्हण बाई, तुझी पौर्णिमा.

त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. ती एक ओळ म्हणायची, आम्ही मागून. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं म्हणताना तू डोळ्यांपुढं आलास, व्यभिचार करणार नाही असं म्हणायचं असतं त्यात, पण ते तुझं तू बघ. मी म्हटलं.

मग ती मूर्तीकडे पाठ न करता माझ्याकडे वळली, अर्धवट. चौथं म्हणाली. "मुसावाथा वेरमणी सिक्खापथं समाथियामि." सावकाश. "द"चा "थ" होतो तिचा, पण मला स्वच्छ ऐकू आलं. खोटं बोलण्यापासून लांब राहीन. अर्थ तिला तिच्या भाषेत पाठ आहे आणि मला माझ्या. मधे मशीन नाही, बाई नाही.

आणि ती थांबली, मी म्हणायची वाट बघत.

संघर्ष, पन्नास वर्षं मी ते म्हणतोय. कंपनीच्या बसमध्ये झोपेत म्हटलंय. माझं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मी गिरजाकडे बघितलं, तर तिनं पदर तोंडाला लावलेला.

मेत्ता एकटीच ओरडली, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि!" विहारातल्या पोरांच्या वर्गात पाठ केलंय तिनं. मग आमच्याकडे बघून खिदळायला लागली. "आजोबा विसरले! आजी पण विसरली! म्हणा ना, आजोबा! मुसावादा..."

"म्हणा ना" म्हणून माझा गुडघा हलवत होती. मला म्हणता आलं नाही.

नोकनं पोरीला जवळ ओढलं आणि पाचवं म्हटलं. आवाज तसाच होता. शेवटपर्यंत म्हटलं, तीनदा वाकली, उठली. स्वयंपाकघरात जाऊन खीर ढवळायला लागली, ती खाली लागत होती. वाट्या भरून आणल्या. माझ्या वाटीत काजू जास्त घातले होते, रोज घालते तसेच.

दुपारी तिच्या खोलीतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, बहुतेक तिच्या आईशी. थाईत. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

आप्पा


पिंपरी, २२ जून

संघर्ष,

काल त्यांना विमानतळावर सोडलं.

तुझ्या आईनं पिशवी भरली. सुकट, बोंबील, तीळ, गोडा मसाला. तिला खलबत्ता द्यायचा होता, तो वजनात बसेना. मग तिनं नुसता बत्ता दिला, साडीत गुंडाळून. मी म्हटलं, अगं येडी का काय, नुसत्या बत्त्याचं ती काय करेल? तर म्हणाली, "खल तिकडं असंलच की." आता आपल्या ओट्यावर नुसता खल आहे. तिला दुसरा बत्ता आणू म्हटलं तर नको म्हणते.

आत जायच्या आधी नोक फरशीवर गुडघे टेकून बसली आणि आमच्या पायांशी वाकली. लोक बघत होते. मी पाय मागं घेतले, तिनं ते धरले. मग उठून माझ्याकडे बघून बोलायला लागली. मोबाइल काढला नाही. बराच वेळ बोलली. मधे एकदा रडली, पुन्हा बोलली. तुझं नाव एकदाही आलं नाही, मी कान लावून होतो.

संपल्यावर मेत्ता म्हणाली, "आई म्हणते, वेळेवर जेवत जा."

मी म्हटलं, "एवढं सगळं बोलली ती, बाळा. एवढंच?"

"बाकीचं मला कळलं नाही, आजोबा."

आप्पा


पिंपरी, ३० नोव्हेंबर

संघर्ष,

मधे लिहिलं नाही. काय लिहिणार? तुझ्या आईचे गुडघे, माझी कंबर, लाइट गेली, लाइट आली.

नोक माणूस म्हणून मोठी निघाली. दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून देते आणि मेत्तापुढं मोबाइल ठेवून आपण बाजूला होते. पहिले दोन महिने पोरगी धबधब्यासारखी बोलायची. आजोबा, इथं हत्ती बघितला. आजोबा, शाळेत मला मे म्हणतात. मग मधेमधे थाई शब्द यायला लागले. मग मधेमधे मराठी. गणपतीच्या सुमाराला "चष्मा" शब्द आठवेना तिला, नाकावर बोटं ठेवून दाखवलं. दिवाळीत नुसतं "आजी, आजोबा, ये." मी मोठ्यानं बोलायचो, मोठ्यानं बोललं की कळेल म्हणून. तुझी आई म्हणाली, "वरडू नगा, ती भैरी न्हाई."

आपल्या घरातली एकुलती एक दुभाषी होती ती. तिला आता माझं बोलणं पोचवायला मशीन लागतं. भैरूच्या गोष्टीत मी हे लिहिलं नव्हतं. विज्ञानकथेत भाषा एकदा आली की आली, ती कुणाच्या तोंडातून हळूहळू जात नाही.

आज सकाळी तिचा कॉल आला. समोर खिडकी, बाहेर नारळ. दोन दात पडलेत. तुझ्या आईच्या मोबाइलवर ती आणि माझ्या मोबाइलवर ती मशीनची बाई, असं दोन्ही हातांत धरून बसलो. सवय झालीय.

मी विचारलं, जेवलीस का? जेवली. शाळा? आवडते. मग ती जरा थांबली, मागं वळून बघितलं, आई नव्हती. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, नुसतं कपाळ आणि डोळे दिसायला लागले. हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

बाई मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माझी भाषा येत नाही, तरी तुम्ही दर रविवारी बोलता. पप्पाला माझी भाषा येते. मग तो का बोलत नाही?"

तुझी आई उठून आत गेली.

मशीनवर लाल टिपकं लुकलुकत होतं, माझ्या बोलण्याची वाट बघत. मी काहीही बोललो असतो तरी त्यानं ते चोख पोचवलं असतं. मेत्ता डोळे मोठे करून बघत होती. मी "बाळा" म्हटलं. बाईनं "बाळा"चं थाई केलं. मग मशीन आपोआप बंद झालं, ते तसं होतं, बोललं नाही तर.

मी ते पुन्हा लावून तिला सांगितलंय, पुढच्या रविवारी सांगतो. आज रविवार. तुझ्याकडे आठवडा आहे. पत्र तोवर पोचायचं नाही हे मला कळतं, तरी पोस्टात टाकतोय.

तुझा बाप
खंडू